रोपाचे आभार मानत नाहीत

गुनवोरच्या पायरीलगतची पिओनी, टपोऱ्या फुलांचं ते झुडूप, एकेचाळीस वर्षं एकाच जागी ठाण मांडून बसली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एवाल्डनं ती लावली. एवाल्ड गेला त्याला आता तीन वर्षं झाली. गुनवोरचे गुडघे तर त्याच्याही आधी गेले होते. ज्याला धरून ती चालायची तो चाकांचा कुबडीगाडा पायऱ्यांवरून उतरेना, म्हणून दारापुढे लाकडी उतरण करायची ठरली, आणि उतरणीच्या वाटेत नेमकी पिओनी.

"पुढच्या बुधवारी फळ्या आणतो," सुतार फोल्के म्हणाला. "तोवर हे झाड हलव. नाहीतर करवत आहेच माझ्याकडे."

"हात तर लावून बघ! बरं झालं सप्टेंबरात आलास, हाच तिला हलवायचा महिना. मे महिन्यात आला असतास तर खड्ड्यात तुलाच पुरलं असतं."

"तोंड किती चालतंय हिचं! फावडं कुठंय ते सांग."

फोल्केनं तिला हाताला धरून खाली उतरवलं, स्टुलावर बसवलं आणि हातभर अंतर सोडून चारी बाजूंनी खणत अख्खा गड्डा वर काढला. पाण्यानं धुऊन तो दुपारपर्यंत तसाच ठेवला. मुळं जरा मलूल झाली की काडकन मोडत नाहीत. मग गुनवोरनं पावाची सुरी घेतली. प्रत्येक तुकड्याला निदान तीन डोळे हवेत, हे ती मोठ्यानं मोजत होती. सात तुकडे निघाले. एक स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गेला, डोळे मातीत जेमतेम दोन बोटं. त्याहून खोल गेले की पानंच पानं, फूल बघायला मिळत नाही. बाकीचे सहा तुकडे कुंड्यांत लावून फोल्केनं त्या फाटकाशी मांडल्या, वर पाटी लावली: 'घेऊन जा.' त्यातली एक त्यानं स्वतःच उचलली.

"वाऱ्याला जोर आहे आज," एवढंच बोलून तो निघाला.

या गावात रोप घेतलं की असंच काहीतरी बोलायचं असतं. बसवाल्याचे आभार मानतील, मागच्या भेटीतल्या कॉफीचे पुढच्या भेटीत मानतील. पण रोपाचे मानले की रोप जगत नाही म्हणतात. आणि हा नियम गुनवोरइतका कडक कुणीच पाळला नव्हता. एकदा चर्चमधल्या कॉफीच्या वेळी पाद्र्याच्या बायकोनं रोपासाठी 'आभारी आहे' म्हटलं, तर हिनं चारचौघांत तिला फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून लोक येत, रोप उचलत, आकाशाकडे बघत चालू लागत. पुढे पुढे तर फाटकावरूनच परत जाऊ लागले. सगळ्या गावात हिची रोपं फुलत होती आणि हिच्या दारावर थाप पडत नव्हती. एवाल्ड होता तोवर हे तिच्या लक्षातही आलं नाही. आता मात्र फार एकटं वाटायचं.

पडद्याआडून ती कुंड्या मोजत राहिली. पाच, चार, दोन, एक. शनिवारी शेवटची गेली.

आणि दार वाजलं.

पिवळा रेनकोट घातलेली एक बाई कुंडी पोटाशी धरून उभी होती. "मी टोव्हे. वसंतात जुन्या शाळेत राहायला आले, गोटेबोर्ग शहरातून. ही कुंडी फाटकाशी मिळाली. म्हटलं, तुम्हाला भेटून आभार..."

"गप!" गुनवोर ओरडली. "आभार मानू नकोस! मरेल ते!"

टोव्हेचा चेहरा पडला. "माफ करा, मला वाटलं कुणीही घेतलं तरी चालतं." तिनं कुंडी दारातच ठेवली आणि झपझप निघून गेली. गुनवोर 'थांब' म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर होती. मागे जावं तर पायऱ्या आडव्या. त्या दिवशी तिनं दोघींपुरती कॉफी केली आणि एकटीनं प्यायली. चार दिवस कुंडीला पाणी घालताना ती स्वतःला शिव्या देत होती.

बुधवारी उतरण झाली. "उतरून बघ की," फोल्के म्हणाला. गुनवोरनं कुंडी कुबडीगाड्याच्या टोपलीत ठेवली, खाली उतरली आणि फाटकाबाहेर पडली.

"अगं, कुठं निघालीस?"

"निस्तरायला."

पाच मिनिटांच्या वाटेला तिला अर्धा तास लागला. टोव्हेनं दार उघडलं, कुंडीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एव्हाना तिला कुणीतरी नियम सांगितलेला दिसत होता. तिनं कुंडी हातात घेतली आणि मान वर केली.

"वाऱ्याला... जोर आहे आज."

समोरच्या बर्चच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. गुनवोरनं झाडाकडे पाहिलं, मग टोव्हेकडे. हीसुद्धा शिकली.

"वारा कुठंय?" ती म्हणाली. "आभार मान."

"पण मरेल ना ते?"

"मरू दे. माझ्या खिडकीखाली आणखी एक आहे. हे मेलं की त्यातलं कापून देईन." तिनं कुबडीगाड्याची मूठ घट्ट धरली. "फक्त येशील तेव्हा दार वाजव."