बेटावरचे फोटो आणि माझा अंगठा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी टांगलेली असते, पिशव्यांनीच भरलेली. ती कुणी मुद्दाम जमवत नाही, पण एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात. आमच्या सोमवारच्या मंडळींचे किस्से तसेच साठलेत. परवा सोसायटीतल्या एकीनं विचारलं, ‘काकू, तुम्हाला फोटोचा नाद कधी लागला हो?’ झालं, पिशवी उपडी!

नादबिद काही नाही. मी सोळा सोमवार धरले होते. चाकणच्या पुढे, भामा नदीच्या खोऱ्यात एक बेट आहे. नदी दोन्ही बाजूंनी वळसा घेते आणि मधे काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, एक दीपमाळ, पडकी धर्मशाळा, दहा-बारा जुनी घरं. साकवावरून चालत जायचं. आमच्या मजल्यावरच्या शालनताई मूळच्या निघोज्याच्या. त्यांची मावशी, हौसाबाई, या बेटावर दिलेली. ‘वैनी, लई जागृत द्येव हाय,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि मी संकल्प सोडला.

संकल्प ओंकारसाठी. माझा मुलगा. चांगली पर्मनंट नोकरी सोडून तो मित्राबरोबर कोल्हापूरकडे हॉटेल काढायला निघाला. ह्यांनी रागाच्या भरात ‘परत या घरात पाऊल टाकू नकोस’ म्हटलं. मी वरणाला फोडणी देत होते. ती देतच राहिले. तो गेला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी फोन केला की रिंग वाजून वाजून थांबायची. देवाकडे जास्त मागितलं नाही. त्याचा एक फोन यावा, एवढंच.

व्रताचं कारण सांगायचं नसतं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

*

शेजारची वर्षा आयटीत. सोमवारी तिचं घरून काम, आणि जुन्या वास्तूंचे फोटो काढायचं वेड. ‘काकू, मी येते तुमच्याबरोबर. सगळं बेट टिपून ठेवू, पलीकडच्या काठापर्यंत गोडाऊनं आलीत.’ गाडी सोसायटीतल्याच बाळूभाऊंची, इको. ते कंपनीत क्वालिटीला. सोमवारी सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी, नसली तर बदलून घ्यायचे.

बाळूभाऊंचं काम प्रत्येक फोटोत उभं राहायचं. म्हणजे बघणाऱ्याला उंची कळते! पहिल्याच दिवशी ते दीपमाळेला पाठ लावून ताठ उभे राहिले, मग मागे वळून एक डोळा मिटून वरपर्यंत बघत बसले.

‘काय झालं, भाऊ?’

‘जरा डावीकडं कललीय, काकू. आमच्याकडं असती तर रिजेक्ट!’

*

मी फोटो काढायचे फोनवर. पहिल्या सोमवारी परतताना वर्षानं माझे फोटो चाळले.

‘काकू, हा कोपऱ्यात कसला डोंगर आलाय?’

शालनताईंनी चष्मा लावला. ‘डोंगर कुटला! अंगठा हाय त्यो!’

सगळ्या फोटोंत तोच. नारळ फोडताना कोयता लागून नख मधोमध दुभंगलेलं, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. मला नवल वाटलं नाही. ओंकारच्या पहिल्या वाढदिवसापासून दहावीच्या निकालापर्यंत आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत मी हजर आहे, अंगठ्यानं! तो लहानपणी केकवर सुरी धरून तसाच थांबायचा आणि ओरडायचा, ‘आई, अंगठा!’

*

गाभाऱ्यातल्या पिंडीचा फोटो घ्यायचा तर गुरवकाका म्हणाले, ‘देवाला इचारावं लागंल. कौल लावतो.’ पिंडीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

आम्ही घाई करून काकांना घरातून तसंच उठवून आणलं होतं. फुलं लावली. अर्धा तास गेला, तास गेला. बाळूभाऊ घड्याळ बघून कळवळले, ‘काका, देवाला सांगा ना, माझी सेकंड शिफ्ट हाय!’

तेवढ्यात डावं फूल पडलं.

कुठलाही नकार तेव्हा मी ओंकारशीच नेऊन जोडत होते. शालनताईंनी माझा हात धरला. ‘आवं वैनी, रडताय काय? आजून देवाची आंघुळ झाली न्हाई. पारोशा अंगानं फोटू कोन काढू दिल?’

पुढच्या सोमवारी अभिषेक झाल्यावर कौल लावला. काकांचा हात मागे यायच्या आत उजवं फूल खाली!

*

एकदा वर्षा सभामंडपात लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली होती. घंटा वाजली. तिकडून तिचे सर म्हणाले, ‘वर्षा, कसला आवाज येतोय?’ ती काही बोलायच्या आत आतून गुरवकाका ओरडले, ‘अभिषेक कुनाच्या नावानं? नाव-गोत्र सांगा!’

लॅपटॉपमधून सरांनी नाव आणि गोत्र सांगितलं!

*

हौसाबाईंच्या घराचं दार वर्षाच्या फार मनात भरलं होतं. शिसवी, उन्हापावसानं पांढुरकं पडलेलं, चौकटीवर झिजलेली कमळं. ‘मावशी, पुढच्या सोमवारी उजेड चांगला असेल, तेव्हा येते हं खास फोटो काढायला,’ ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी गेलो तर दार निळं! चकचकीत ऑइलपेंट. कमळं पिवळी. हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात उभ्या, हाताला अजून निळा रंग. ‘फोटू काडाया येनार म्हनलीस न्हवं? मंग म्या सोता रंगावलं!’

वर्षाचा चेहरा रडवेला झाला. शालनताई हळूच तिच्या कानाशी म्हणाल्या, ‘पोरी, पाव्हनी येनार म्हनल्यावर दार सजवतंच की मानूस.’

वर्षानं नाक पुसलं आणि फोटो काढला. तो तिच्या घरात मोठा करून लावलाय. बाकीचे जुने दरवाजे सगळे लॅपटॉपमध्ये आहेत.

*

सोळावा सोमवार थंडीत आला. निघताना ह्यांनी नेहमीसारखी माझी पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली. सोळाही सोमवार ठेवली, कुठे चाललीस हे एकदाही विचारलं नाही.

खोऱ्यात धुकं इतकं की बेटच दिसेना. वर्षा लेन्स बदलत होती, बाळूभाऊ फोटोसाठी कुठे उभं राहायचं ते शोधत होते. एकदम धुकं फाटलं. देऊळ, दीपमाळ, निळं दार, सगळ्यावर ऊन. मी फोन काढला आणि दाबला. लगेच धुकं मिटलं.

‘काकू! हा फोटो मला आयुष्यात मिळाला नसता,’ वर्षा म्हणाली. मग फोटो बोटांनी मोठा करून, ‘फक्त अंगठा कापू या?’

कापून बघितला. अंगठ्याबरोबर दीपमाळही जात होती.

‘ऱ्हाऊ द्या,’ शालनताई म्हणाल्या. ‘देवाला न्हाई अडचन, तुमाला काय?’

सतराव्या सोमवारी उद्यापन झालं. चुरम्याचा प्रसाद वाटला. फोन आला नाही. मी मनाशी म्हटलं, देवाचंही शिफ्टमध्ये चालत असेल, आपली पाळी यायची असेल.

*

वर्षानं आमचे बेटाचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. कुणाचंच नाव लिहिलं नाही. या ग्रुपमध्ये ओंकार अजून होता. जाताना तेवढा सोडायचा राहिला असावा. पार्किंगची भांडणं झाली, पाण्याची झाली, तो कधी एक अक्षर बोलला नव्हता. मी मात्र अधूनमधून यादी उघडून त्याचं नाव आहे ना, ते बघून घ्यायचे.

दुपारी मी मेथी निवडत होते. हे पेपर वाचत होते. ग्रुपवर ‘सुंदर’, ‘कुठे आहे हे?’ चाललं होतं. धुक्यातल्या देवळाच्या फोटोखाली एक मेसेज आला.

‘आई, अंगठा.’

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

दोन मिनिटांत सेक्रेटरींनी लिहिलं, ‘कृपया ग्रुपवर वैयक्तिक मेसेज टाकू नयेत.’

खाली लगेच ओंकारचं उत्तर.

‘सॉरी, काका. तिला फोनच करतो.’