पितळेची घोडी
स्पिरिट पॉलिशचा वास आला की झाशीच्या छावणीजवळचं ते वाद्यांचं दुकान आठवतं आणि डोकं तापतं. कॉलेजात असताना मी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन गिटार शिकत होते. गणेशोत्सवात मराठी मंडळींसमोर वाजवायचं म्हणून ती पॉलिशला दिली. परत आली ती आरशासारखी चमकत, पण तारांवर वाजवायची पोलादी सळई सरकवली तर सूर लांबण्याऐवजी जागीच विझला. तारांखालची जड, पितळेची घोडी कुणीतरी बदलली होती. पितळेवर पांढरा मुलामा असल्यामुळे जुनी-नवी दिसायला सारखीच, फरक फक्त आवाजात. बाबांना घेऊन मी तडक दुकानात गेले. दुकानदार हसून म्हणाला, "आवाज़ तो तारों से आती है बिटिया, घोड़ी वही है." बाबाही म्हणाले, "अगं, भास होत असेल तुला." तेवढ्यात भिंतीवरची कोरी करकरीत गिटार दिसली. तिच्या घोडीवर मात्र तारांच्या जुन्या खाचा होत्या! मी ती उतरवून छेडली आणि माझा लांब, भरलेला सूर दुकानभर पसरला. मग केसांतली पिन काढून दोन्ही घोड्या खरवडल्या. भिंतीवरच्या गिटारीची आतून पिवळी निघाली, माझ्या गिटारीवरची आतपर्यंत पांढरी, हलकं ॲल्युमिनियम. दुकानदाराने घोडी बदलून दिली आणि हात जोडले ते बाबांना, "माफ़ करना बाबूजी, कारीगर से गलती हो गई." बाबा म्हणाले, "कोई बात नहीं." माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. उत्सवात मी छान वाजवलं, टाळ्याही मिळाल्या. आज बाबा नाहीत, तरी त्यांना सांगावंसं वाटतं की ती माफी तुमची नव्हती, तुम्ही ती परस्पर कशी देऊन टाकलीत?