चंदनबाईंच्या अंगणातला समुद्रपक्षी

१९६८ च्या हिवाळ्यात धुळ्याला चंदनबाईंच्या अंगणात लाल चोचीचा, पांढरा पक्षी पंख दुखावून पडला. रोज पाखरांना ज्वारी टाकणाऱ्या चंदनबाईंनी त्याच्यापुढेही ज्वारी टाकली. त्याने चोचसुद्धा लावली नाही. शेजारचे मास्तर म्हणाले, "हा समुद्रावरचा. इकडे कधी दिसत नाही. मासळीशिवाय काही खायचा नाही." चंदनबाईंचे यजमान झुंबरलाल हे ऐकूनच आपल्या कापडाच्या दुकानाला निघाले.

चंदनबाई जैन; जन्मात त्यांनी कांदाही चिरला नव्हता. मासे आणावेत तर पाप, न आणावेत तर दारात जीवहत्या. चार दिवस त्या नवकार मंत्र म्हणत राहिल्या. उपाशी पक्षी मरत कसा नाही, याचंही त्यांना भय वाटू लागलं.

पाचव्या दिवशी पदर हनुवटीपर्यंत ओढून त्या पांझरा नदीकाठी मासे घ्यायला गेल्या. त्यांच्याच दुकानातून लुगडी नेणाऱ्या मासळीवाल्या दगूबाईने आवाज ओळखला आणि हळूच म्हणाली, "शेठाणीबाई, आज तुम्ही? चार दिन तं शेठजीच मासळी लई गयात, तोंडले रुमाल बांधीसन."

दिवस मावळायच्या आत दोघं जेवायला बसली. झुंबरलालांनी विचारलं, "पक्ष्याने काही खाल्लं?"

"ज्वारी खाल्ली," चंदनबाई म्हणाल्या. दोघांनीही ताटातून मान वर केली नाही.