दिवेलागणीचं मीठ

घरात बाईला मारहाण होत असेल तर शेजाऱ्यांनी काय करायचं, हे मी गावोगाव शिकवते. हेच माझं पोटापाण्याचं काम. चंद्रपूरहून निघायचं, पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलातल्या एखाद्या गावी पोचायचं, समाजमंदिरात सतरंजी अंथरायची आणि बायकांची वाट बघत बसायचं. वाट बघणं मला मुळीच जमत नाही. भाताच्या रोवणीच्या दिवसांत सकाळची बैठक दुपार कलल्यावर सुरू झाली की माझा पारा चढतो, आणि मग कुणीतरी चहा आणून तो उतरवतं. चहात साखर एवढी, की रागवायला तोंडच मोकळं राहत नाही.

त्या गावच्या बैठकीला एक सासू-सून जोडीनं यायच्या. सून भिंतीला टेकून खाली मान घालून बसायची आणि सासू तिला अगदी खेटून. मुलगा सुनेला मारतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. सासूही गप्प, गल्लीही गप्प. एकदा बोअरिंगवर सून मला एकटी सापडली, तेव्हा बादली भरता भरता ती हळूच म्हणाली, "कोनी दारात आलं का थो थांबते, म्याडम. पन कोनी येतच नाई."

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी पुढच्या बैठकीला गेले. सुनेचं नाव न काढता मी सगळ्यांना एक साधी युक्ती शिकवली. आरडाओरडा ऐकू आला की चौघीपाचजणींनी मिळून त्या दारात जायचं. भांडायचं नाही, उपदेश करायचा नाही, फक्त काहीतरी मागायचं. तेवढ्यानं मारणाऱ्याचा हात थांबतो. "समजा, दिवेलागणीला गेलात," मी म्हटलं, "तर वाटीभर मीठ मागा."

समाजमंदिरात हसू फुटलं. कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला. मला काही कळेना. शेवटी आजवर तोंड न उघडलेली ती सासूच मला समजावू लागली. "दिवा लागल्यावर मीठ कोनी देत नाई, म्याडम. घरची लक्ष्मी जाते."

मी शहरात वाढलेली, मला कोण सांगणार हे? ओशाळून मी घाईघाईनं म्हटलं, मग साखर मागा, माचिस मागा, काहीही मागा. पण सासूच्या समोरच्या घरात राहणारी एक बाई, जिच्या आवाजाला गावात लाऊडस्पीकर लागत नाही, ती अडून बसली.

"नाई, मीठच मांगू," ती म्हणाली. "साखर मांगतली तं थो साखर देईन आन् दार लावून घेईन. मीठ त्याले देता बी येत नाई आन् शेजाऱ्याले नाई म्हनता बी येत नाई. दारातच उभा राहीन."

माझ्या चुकीतून तिनं असं काही काढलं, की मी फळ्यावर लिहिलेलं सगळं पुसून टाकलं आणि एकच शब्द लिहिला, मीठ. तेव्हा सून पहिल्यांदा मान वर करून हसली. सासू मात्र हसली नाही, आणि घरी गेल्यावर ही मुलाला सगळं सांगणार, या धास्तीनं मला परतीच्या वाटेवर जंगलसुद्धा दिसलं नाही.

पुढच्या महिन्यात गेले तर बायका आधीच जमून बसलेल्या. सगळ्या एकदमच सांगू लागल्या. एका संध्याकाळी त्या घरातून ओरडा आला, तशी समोरची बाई वाटी घेऊन निघाली, तिच्यामागे दुसरी, मग तर गल्लीच. मुलानं दार उघडलं तर दारात नुसत्या वाट्याच वाट्या. दिवा लागला आहे, मीठ देत नसतात, असं तो म्हणाला. बरं, म्हणून बायका तिथंच उभ्या राहिल्या. त्यानं दुकानाची वाट दाखवली, तरी त्या हलल्या नाहीत. तेवढ्यात आतून सासू मिठाची बरणी घेऊन आली आणि एकेकीच्या वाटीत मूठमूठ मीठ घालत गेली. मुलगा तिला अडवायला लागला, लक्ष्मी जाईल म्हणाला.

"घरची लक्ष्मी तं तू रोजच मारून राह्यला," सासू म्हणाली. "मिठानं आनखी काय जाईन?"

बरणी रिकामी झाली. त्या रात्री त्यानं अळणी भात-वरण खाल्लं, आणि सकाळी दुकान उघडायच्या आत मीठ मागायला निघाला तर दर दारात बायका त्याला गोडीनं विचारत, "मीठ कायले पायजे, भाऊ?" हे सांगताना त्या इतक्या हसल्या, की मला ते तीन वेळा ऐकावं लागलं.

मिठानं सारं सुटलं असं नाही. सुनेच्या मनानं घेतलं तेव्हा तिला घेऊन आम्ही घरगुती हिंसेच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो, अर्ज केला, खेटे घातले. पण तिथं तिच्याशेजारी सासू बसली होती, तशीच खेटून, आणि या खेपेला मला तिचं बसणं फार आवडलं.

अलीकडे त्या गावाहून निघायला मला उशीर झाला. घराघरांत दिवे लागत होते. दुसऱ्या गल्लीतून ओरडण्याचा आवाज आला आणि समोरून पाचसहा बायका झपाझप येताना दिसल्या. पुढे सून होती, हातात रिकामी वाटी.

कुठं निघालीस, असं मी विचारलं. ती थांबली नाही.

"मीठ मांगाले," ती म्हणाली.