स्पर्शिकेची सहा मिनिटं

आमच्या अण्णांनी पिशोरच्या शाळेत सत्तावीस वर्षं भूमिती शिकवली, आणि त्यांच्याच वर्गात खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसून मी ती शिकलो नाही. गावाला या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. दहावीच्या सराव परीक्षेत मी वर्तुळाची स्पर्शिका नुसती पट्टीनं, नजरेच्या अंदाजानं ओढली. रेघ वर्तुळाला अशी अलगद चिकटली की मला माझाच अभिमान वाटला. अण्णांनी शून्य मार्क दिले. घरी जेवताना म्हणाले, "रेघ बरोबर आहे. पण तू आलास कुठून ते दिसत नाय." कंपासनं मारलेले चाप पुसायचे नाहीत, हा त्यांचा नियम. चाप दिसत असले तर रेघ चुकली तरी ते अर्धे मार्क द्यायचे. मी बोर्डाच्या परीक्षेत काठावर सुटलो. आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात मालाच्या गाड्या किती वाजता बाहेर पडल्या ते लिहितो. त्या कामात त्रिकोण येत नाहीत.

आई गेल्यावर अण्णा शहरात आमच्याकडे राहायला आले. सोबत एक ट्रंक आणि फळ्यावर वर्तुळ काढायचा लाकडी कंपास, हातभर लांब, एका पायाला सुतळीनं खडू बांधलेला. फ्लॅटमध्ये त्याला कुठली जागा. बायकोनं गॅलरीत खिळ्याला अडकवला, आणि पावसाळ्यात त्याच्यावर माझे मोजे वाळू लागले. अण्णा येता-जाता ते बघायचे.

माझी मुलगी दहावीत गेली आणि टॅबवर भूमिती शिकू लागली. पडद्यावर बोट टेकवून ओढलं की वर्तुळ फुगायचं, बाहेरचा बिंदू सरकवला की दोन्ही स्पर्शिका त्याच्यामागं सरकायच्या. अण्णा तिच्या पाठीशी खुर्ची ओढून बसले. दहा मिनिटं बघत राहिले.

"लई भारी," शेवटी म्हणाले. "पण कंपास कुठं टेकवला यानं?"

"टेकवावा लागत नाही आबा, आपोआप होतं."

"परीक्षेत पण आपोआप होतं का?"

मग तिनं त्यांना शिकवण्याचे व्हिडिओ लावून दिले. त्यातले एक सर फार घाईत होते. अण्णा पडद्याला म्हणायचे, "थांबा सर. मध्यबिंदू कुठून आणला? पायरी गाळली तुम्ही." सर थांबायचे नाहीत. त्यांना ऐकू जात नाही असं मुलीनं समजावलं, तर म्हणाले, "मग पोरांनी शंका विचारायची कुणाला?"

त्यावरनंच अण्णांचे व्हिडिओ काढायची कल्पना तिला सुचली. क्रांती चौकातून एक हिरवा फळा आणला, हॉलमधलं आमच्या लग्नाचं छायाचित्र उतरवून तिथं टांगला. बायको म्हणाली, "बरंच झालं, तसेही तुम्ही त्यात रडवेले दिसत होतात." कंपासवरचे मोजे निघाले. मोबाईल धरायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या दिवशी अण्णांनी कोन दुभागणं सुरेख शिकवलं, शेवटी खडू खाली ठेवून कॅमेऱ्याला नमस्कारही केला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी लाल बटण दाबलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, "तू वर्गात पण असाच बसायचास. समोर, पण चालू नसलेला."

पाच-सहा व्हिडिओ झाले, मुलीनं ते नेटवर टाकले. बघणारे म्हणजे आम्ही, नातेवाईक आणि पिशोरचे त्यांचे जुने विद्यार्थी, जे आता स्वतःच चष्मेवाले झाले आहेत. अण्णा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यापुढं उभे राहायचे. आई गेल्यापासून ते असे दिसले नव्हते.

त्याच सुमारास ते दही आणायला जाऊन दह्याशिवाय परत यायला लागले. एकदा खालच्या मजल्यावरच्यांच्या घरात शिरून पंखा लावून त्याच्याकडं बघत बसले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सकाळ-संध्याकाळची गोळी दिली आणि मला म्हणाले, "सुरुवात आहे." रिक्षात अण्णांनी विचारलं, "कशाची सुरुवात म्हणाला तो?" मी म्हणालो, "म्हातारपणाची." "ती तर कवाच झाली," अण्णा म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

मग स्पर्शिकेचा दिवस आला. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढणे, ही त्यांची सगळ्यात आवडती रचना. त्यांनी वर्तुळ काढलं, केंद्राला ओ म्हटलं, बाहेरच्या बिंदूला पी, दोन्ही जोडले. आणि थांबले. मला वाटलं, मुद्दाम थांबलेत. पण ते फळ्याकडं असे बघत होते जसे खालच्या मजल्यावरच्या त्या पंख्याकडं बघत होते. मग वळले आणि भलतंच बोलायला लागले. शाळेला कंपास मिळायच्या आधी ते अंगणात खिळा आणि सुतळी घेऊन वर्तुळ काढण्याचा सराव करायचे, तेव्हा आई मध्ये बसून खिळा धरायची. हे सुतळी ताणून तिच्याभोवती फिरायचे. ती म्हणायची, लवकर फिरा, चुलीवर करपतंय. आणखीही बरंच बोलले. मी मोबाईल धरून उभा होतो आणि एवढाच विचार करत होतो की हे सगळं आता काढायचं कसं. मधूनच फळ्याकडं वळून त्यांनी एक चाप मारला, तो चुकला, आणि शर्टाच्या बाहीनं पुसला. त्यांना चाप पुसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी रचना पूर्ण झाली. बावीस मिनिटं लागली होती.

कापाकापी मुलीनं शिकवली. दोन दिवस मी तेच चित्रण पुढं-मागं करत बसलो. ओपी जोडणारी रेघ पूर्ण होते तिथं कापलं, लंबदुभाजकाचा पहिला चाप सुरू होतो तिथं जोडलं. सहा मिनिटं उरली. सांधा कुठं दिसत नव्हता.

"बाबा, आबा आजीचं सांगत होते ते राहू द्या ना," मुलगी म्हणाली.

"परीक्षेला येणार आहे का ते?" मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं. मोबाईलमध्ये जागा उरली नाही अशी सूचना आली, तेव्हा मी मूळ चित्रण पुसून टाकलं.

अण्णांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. "बघ," म्हणाले. "एकदा तरी अडकलो का? हा पाठव त्या डॉक्टरला." मी पाठवतो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी घेणं सोडलं. ज्याला काही झालेलंच नाही त्यानं गोळी कशाला घ्यायची, आणि पुरावा तर मीच तयार करून दिला होता.

आठवड्यानं पिशोरच्या शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्या अण्णांच्याच विद्यार्थिनी. "सर, आमच्या दहावीनं तुमचा व्हिडिओ पाहिलाय. एक तास प्रत्यक्ष घ्याल का?" अण्णांनी माझ्याकडं न बघता हो म्हटलं. बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आता तरी खरं सांगा त्यांना." मी म्हणालो, सांगतो. आणि कंपासच्या पायाला नवा खडू बांधायला घेतला.

शाळेत बाई त्यांच्या पाया पडल्या. मी शेवटच्या बाकावर बसलो. गुडघे मावत नव्हते. अण्णांनी एका फेरीत वर्तुळ पूर्ण केलं तेव्हा वर्गातून कौतुकाचा आवाज आला. ओ, पी, जोडणारी रेघ. आणि ते थांबले.

वर्ग वाट बघत राहिला. बाहेर कुणीतरी बादली सरकवली तीसुद्धा ऐकू आली. पुढच्या बाकावरची एक मुलगी मदत करावी म्हणून म्हणाली, "सर, व्हिडिओत तुम्ही लगेच करता."

"व्हय?" अण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा फळ्याकडं बघितलं.

मला पुढची पायरी येत होती. दोन दिवस तीच तर कापत बसलो होतो. "ओपीचा मध्यबिंदू," मी मागून बोललो.

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "हात वर करून बोल."

वर्ग हसला. मी हात वर करून पुन्हा सांगितलं. त्यांनी चाप मारले, मध्यबिंदूला एम नाव दिलं, आणि कंपास हातात घेऊन परत उभे राहिले. मी परत हात वर केला. "एम केंद्र, एमओ त्रिज्या." या वेळी कुणी हसलं नाही. पोरांना कळलं होतं. अशी ती स्पर्शिका आम्ही बापलेकांनी मिळून काढली. बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या.

परतताना ते गाडीत माझ्या शेजारी बसले. मग विचारलं, "तुला कवापासून येतं हे?"

"व्हिडिओ कापता कापता आलं," मी बोलून गेलो.

"काय कापलं?"

मी सांगितलं. गाडी चालवताना समोर बघता येतं, तेवढाच आधार होता.

"किती?"

"सोळा मिनिटं."

"सोळा मिनिटं मी काय करत होतो?"

"आईचं सांगत होता. ती खिळा धरायची, तुम्ही सुतळी घेऊन फिरायचा. ती म्हणायची, लवकर फिरा, पोळी करपतीय."

"पोळी?" अण्णा म्हणाले. "आपल्याकडं तवा कायम भाकरीचा. पोळी म्हणलो मी?"

मला आठवेना. पोळी म्हणाले होते, भाकरी म्हणाले होते, की नुसतंच करपतंय म्हणाले होते. त्यांनाही आठवेना, आई खिळा धरायची हेसुद्धा ते माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत होते. "घरी गेल्यावर दाखव मला ते," म्हणाले.

ते विसरतील अशी मी आशा केली. हे लिहितानाही लाज वाटते, पण केली. ते विसरले नाहीत. चहा न घेता चष्मा पुसून खुर्चीत बसले. मी मोबाईल वर-खाली करत राहिलो आणि शेवटी म्हणालो, "पुसलं गेलं, अण्णा. मीच पुसलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मग ती सहाच लाव," म्हणाले.

मी लावली. पडद्यावरच्या अण्णांनी वर्तुळ काढलं, ओ आणि पी जोडले, आणि क्षणाचाही विलंब न लावता चाप मारला. खुर्चीतल्या अण्णांनी हात पुढं केला आणि बरोबर सांध्यावर बोट ठेवलं.

"इथं," ते म्हणाले. "इथं तुझी आई होती."

बोट लागलं तसा व्हिडिओ थांबला.