आप्पांनी खुडलेला वाफा

मी गाव सोडलं तेव्हा तंबाखूचा तरू, म्हणजे रोपांचं बी, टाकायचे दिवस होते. वाफे करायची घाई, त्यामुळं मला पोचवायला आप्पा निपाणीपर्यंत येतील असं वाटलं नव्हतं. पण आप्पा आले. दोन कोस गाडीच्या मागनं चालत आले. गाडीत माझी ट्रंक, वळकटी आणि आईनं बांधून दिलेलं गठुडं होतं, आणि बैल दमलेले होते म्हणून ते काही गाडीत बसले नाहीत. मारुती, गाडी तूच हाकत होतास. कोल्हापूरच्या मोटारीत मी चढलो तसे आप्पा खिडकीशी आले. तंबाखूच्या चिकानं त्यांची बोटं बारा महिने काळी असायची. ती बोटं गजावर ठेवून म्हणाले, "आता मातीत हात घालायचा न्हाय. काय बी झालं तरी घालायचा न्हाय." मोटार सुटली. मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरलो असतो.

तू माझा धाकटा भाऊ, म्हणून हे तुला लिहितो आहे. पण आपल्या गावातून माझ्यामागनं जी पोरं शिकायला बाहेर पडली, त्यांच्यासाठीही आहे. त्यांना गावात सांगतात, मास्तरासारखं व्हा. मास्तर कसा झाला हे त्यांना ठाऊक असलेलं बरं.

मी बी. ए. झालो. आपल्या गावातला पहिला. हे मी आडपडद्यानं सांगणार नाही. कोल्हापुरात वार लावून जेवलो, दुसऱ्यांची पुस्तकं रात्रीपुरती मागून आणली आणि पास झालो. त्याचा मला अभिमान आहे. मग बेळगावच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो. नोकरी कच्ची होती. दोन वर्षं काम बघून पक्कं करू, असं शाळेच्या मंडळानं सांगितलं होतं.

आता बागेचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं आहे.

आमच्या पेठेच्या टोकाला एक सार्वजनिक बाग आहे. मधोमध बँड वाजवायचा चौथरा, बाजूनं फुलांचे वाफे, कोपऱ्यात विहीर. दर रविवारी सकाळी शहरातली शिकलेली मंडळी तिथं फुकट काम करायला जमायची. वकील, डॉक्टर, कचेरीतले कारकून, मास्तर. कोटावर स्वयंसेवकाचा पितळी बिल्ला लावायचा, तासभर खुरपायचं, मग बाकांवर बसून चहा आणि जगाच्या गप्पा. संक्रांतीला बायकांचं हळदीकुंकू तिथंच, शाळांचे खेळ तिथंच, आणि थंडीत फुलांचं प्रदर्शन. या सगळ्याचे अध्यक्ष एक म्हातारे वकीलसाहेब. तेच आमच्या शाळेच्या मंडळावरही. हेडमास्तरांनी मला पहिल्याच महिन्यात बाजूला घेऊन सांगितलं, "रविवारी बागेत जात जा. दिसत राहा."

गेलो. बाकीच्यांना खुरपं धरता येत नव्हतं. डॉक्टर तर तणाबरोबर रोपही उपटायचे आणि दोन्हीकडं सारख्याच मायेनं बघायचे. मला येत होतं. लपवायचं म्हटलं तरी हाताला लपवता येईना. सहा महिन्यांत सगळी बाग माझ्या गळ्यात पडली. वकीलसाहेब म्हणायचे, "मास्तर, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही." लोक हसायचे आणि मी पुढचा वाफा धरायचो. रविवार गेला म्हणजे घरी यायची वाटच बंद झाली. आप्पांनी ज्या मातीतून काढलं, तिथंच मी कोट घालून उकिडवा बसलो होतो, आणि उठायची सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट. वकीलसाहेबांनी एकदा पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "हे निपाणीच्या तंबाखूवाल्यांपैकी." त्यांना व्यापारी म्हणायचं होतं, वखारवाले. मी काही बोललो नाही. खोटंही बोललो नाही. चहा पीत राहिलो. दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळेपासून मी वखारवाल्यांचाच झालो.

त्या वर्षी वकीलसाहेबांनी विलायतेहून कसलंसं बी मागवलं होतं. रोपं वर आली आणि दुसऱ्या पानालाच मी ओळखलं, ही तंबाखू. पण ही फुलाची जात. पानाला किंमत नाही, संध्याकाळी उमलणाऱ्या पांढऱ्या वासाच्या फुलासाठी लावतात. वकीलसाहेबांनी तिचं लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. मीही तेच घोकलं. तो वाफा मी एकट्यानं वाढवला. आपल्याकडं तंबाखूला फुलाचा तुरा दिसला की शेंडा खुडतात. न खुडला तर सगळा जोर फुलात जातो आणि पान मरतं. लहानपणापासून केलेलं काम. त्या वाफ्यावर पहिली कळी आली तेव्हा माझी बोटं शिवशिवली, ती मी खिशात घातली.

प्रदर्शनाच्या दिवशी एका बड्या अंमलदाराची मडम बक्षिसं द्यायला यायची होती. चार वाजता. तो पांढरा वाफा पाच वाजता उमलेल, तेव्हा तिला तिकडं न्यायचं, असा बेत होता. मी सकाळपासून मांडवात खुर्च्या लावत होतो. भीमाप्पा माळी दुपारी जेवायला घरी गेला. आणि त्याच वेळी आप्पा बेळगावात आले.

मला कळवलं नव्हतं. मी सात महिने घरी गेलो नव्हतो म्हणून पहिली मोटार धरून आले होते. माझ्या खोलीच्या मालकिणीनं सांगितलं, मास्तर बागेत आहेत. ते बागेत आले, विहिरीपाशी पाणी प्यायले, आणि समोर त्यांना तंबाखू दिसली. फुलावर आलेली. अख्खा वाफा. एकही शेंडा खुडलेला नाही.

पुढं काय झालं ते तुला सांगायला नको. त्यांच्या जागी तू असतास तरी तेच केलं असतंस.

वकीलसाहेबांचा आवाज ऐकून मी मांडवातून धावत गेलो. वाफ्यात एक फूल उरलं नव्हतं. खुडलेले शेंडे आपल्या रीतीप्रमाणं ओळीच्या टोकाला नीट ढीग करून ठेवले होते. जेवून परतलेला भीमाप्पा हात जोडून उभा होता. "नान अल्ल री, मी न्हाय साहेब," एवढंच पुनःपुन्हा म्हणत होता. वकीलसाहेब त्याला म्हणत होते, आत्ताच्या आत्ता चालता हो.

तेव्हा झाडामागून आप्पा पुढं आले. डोक्याचा पटका सोडून हातात घेतलेला.

"त्येला नगा बोलू जी. म्या खुडलं. लई दिस झालतं फूल येऊन, कुणाचं ध्यानच न्हाय. पान मरतंय की!"

त्यांना वाटत होतं, आपण कुणाचं तरी पीक वाचवलं.

वकीलसाहेब ओरडले, "कोण रे तू? कुणाबरोबर आलास?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी पाच हातांवर उभा होतो. कोट, बिल्ला, हातात पाहुण्यांची यादी. मी तोंड उघडलं, मारुती. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण शब्द यायच्या आधी आप्पांनी माझं तोंड वाचलं. जन्मभर ढगांकडं बघून उद्याचं ओळखणारा माणूस, त्यांना माझा चेहरा कळायला किती वेळ लागणार?

"कुनाबरबर न्हाय जी," ते म्हणाले. "बाजाराला आलतो. झाडं बघितली नि ऱ्हावलं न्हाय."

वकीलसाहेब माझ्याकडं वळले. "मास्तर, ह्याला आधी फाटकाबाहेर काढा."

मी काढलं.

बागेच्या मधल्या वाटेनं मी माझ्या बापाला फाटकापर्यंत घेऊन गेलो. दोन्ही बाजूंना कुंड्या मांडलेल्या होत्या, त्या मीच मांडल्या होत्या. आप्पा माझ्यापुढं दोन पावलं चालत होते, म्हणजे लोकांना वाटावं मी त्यांना हाकतोय. फाटकाशी पोचल्यावर मान न वळवता म्हणाले, "कच्चाच हाईस न्हवं अजून?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग जा आत. मानसं बघाय लागल्यात."

आईनं माझ्यासाठी त्यांच्याबरोबर पाठवलेलं गठुडं त्यांनी फाटकाच्या खांबाशी ठेवलं आणि मोटारअड्ड्याकडं चालू लागले. मी ते उचललं नाही. मागं वकीलसाहेब बघत होते. प्रदर्शन संपल्यावर गेलो तर खांबाशी काही नव्हतं.

घरी येऊन आप्पांनी तुला सांगितलं, मास्तर परगावी गेलता, गाठ पडली न्हाय. तू ते खरं मानलंस. ते खरं नाही. गाठ पडली होती.

उन्हाळ्यात मी पक्का झालो. भीमाप्पाची नोकरीही राहिली. माझं लग्न झालं, पेठेत बिऱ्हाड झालं, मुली झाल्या. बाहेरून बघणाऱ्याला सगळं चांगलं दिसेल. पण त्या दिवसाची बागेत गोष्ट झाली. वकीलसाहेबांना गोष्टी सांगायची भारी हौस. दरवर्षी प्रदर्शन आलं की पाहुण्यांना सांगायचे, एक खेडवळ आला आणि विलायती फुलांची मुंडकी उडवून गेला. शेवटी डोक्याचं पागोटं हातात घेऊन, कमरेत वाकून म्हणायचे, "पान मरतंय की!" लोक पोट धरून हसायचे. पहिल्या वर्षी मीही हसलो. न हसतो तर कुणीतरी विचारलं असतं, का हसत नाही. एकदा हसल्यावर दरवर्षी हसणं आलं. पक्की नोकरी मिळाल्यावर तरी सांगता आलं असतं ना? आलं असतं. पण आधी नोकरी आडवी होती, मग हसलेलं हसू आडवं आलं. मग सासरची माणसं. मग मुलींच्या मैत्रिणी. दर वर्षाला दार थोडं जास्त लागत गेलं, आणि आतून लावणारा मीच.

सुट्टीत गावी यायचो तेव्हा आप्पा कधी अवाक्षर बोलले नाहीत. मी आलो की उठून मला घोंगडं टाकायचे, पाहुण्याला टाकावं तसं, आणि रोज अंगणात माझ्याजवळ बसून राहायचे. बेळगावला ते पुन्हा आले नाहीत. तू दोनदा म्हणालास, "आप्पा, चला की मास्तराकडं." तर म्हणाले, "मोटारीत मळमळतंय." लढाईच्या दिवसांत ते गेले. मी पोचलो तोवर तू सगळं उरकलं होतंस.

यंदा पंधरा ऑगस्टला बागेत झेंडा लागला. सगळी व्यवस्था माझ्याकडंच, ते वेगळं सांगायला नको. पोरांना पेढे वाटले, मंडळी चौथऱ्यावर बसली. वकीलसाहेब आता फार थकलेत, आवाज पोचत नाही. ते गोष्ट सांगायला लागले आणि मधेच खोकला आला. तेव्हा माझी धाकटी, सात वर्षांची, पुढं झाली. तिनं पावसासाठी अंगावर घेतलेला पंचा डोक्यावर घेतला, मग काढून हातात धरला, कमरेत वाकली आणि म्हणाली, "पान मरतंय की जी!"

हुबेहूब. वकीलसाहेबांसारखं नव्हे, आप्पांसारखं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती त्यांचीच नात.

टाळ्या पडल्या. मी उठलो आणि म्हणालो, "ते माझे वडील होते."

कुणाला कळेना, मी कशाबद्दल बोलतोय. मी पुन्हा सांगितलं. "शेंडे खुडले ते माझे वडील. आम्ही वखारवाले नाही. तंबाखू पिकवतो."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. म्हणाले, "अहो मास्तर, मग तेव्हाच सांगायचं नाही का? खुर्ची दिली असती त्यांना. पुढच्या ओळीत बसवलं असतं."

मारुती, हे मला सहन झालं नाही. ते चिडले असते, तंबाखूवाल्या कुणब्याचं पोर म्हणून हिणवलं असतं, तर मी ताठ उभा राहिलो असतो. पण म्हातारा मनापासून बोलत होता. म्हणजे ज्याच्या भीतीनं मी इतकी वर्षं स्वतःला कोंडून घेतलं, ते बाहेर कदाचित नव्हतंच. की त्या दिवशी होतं आणि आता राज्य गेल्यावर, आवाज गेल्यावर उरलं नाही? हे मला कधीच कळणार नाही. भीमाप्पा पेढ्यांची परात घेऊन उभा होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मला म्हाईत होतं की. तुम्ही दोघंबी काढलेलं ओळीच्या टोकाला एकसारखंच रचून ठेवताय."

धाकटी मात्र पंचा तसाच हातात धरून उभी होती. तिला वाटलं, तिचं काही चुकलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी गावी आलो, तू बाजाराला गेला होतास. आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत हाय. त्येनी त्याच दिशी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हनलं, पोरगं अडकलंय गं. तू इचारू नगंस. त्येचं त्यो सांगंल." मग सुपातला खडा टाकून म्हणाली, "लई वाट बघितली त्येनी. तू आला की अंगनात बसायचं न्हवं का, रोज रोज? म्हनून बसायचं."

मला वाटायचं, मला मान देतात म्हणून बसतात.

आता तू हे कर. चौथीपर्यंत शिकलास, तुला वाचता येतं. हे सगळं चावडीवर मोठ्यानं वाच. गावात माझं नाव मोठं आहे. पोरांना माझं उदाहरण देतात. त्यांनी हेही ऐकावं. पण मी येईपर्यंत थांब. दसऱ्याला येतो. मुलींनाही आणतो. तू वाचताना मी तिथंच, लोकांत बसून ऐकणार आहे. बेळगावात माझं बिऱ्हाड आहे, नोकरी आहे, आणि दर रविवारी पाणी घालायला एक बाग आहे, ती काही आता सुटत नाही. गावात माझं काय आहे, ते ऐकून झाल्यावर तुम्ही सगळे मिळून सांगा.