सैल केलेली तार

आज गिटारच्या खुंट्यांना तेल दिलं आणि त्या वासासरशी शहापुरात, माझा दोस्त विजय याच्या घरच्या यंत्रमागापाशी मनानं जाऊन पोचलो. गाण्याची चाल आणि खर्ज एकट्यानं एकदम वाजवायला माझी बोटं पुरत नसत, आणि गिटारचा क्लास तर मी लावलेला. एकदा विजयनं गिटारची सगळ्यात जाड तार सैल करून मागाच्या घरघरीला जुळवली, अंगठ्यानं ती घुमत ठेवली आणि वर दोन बोटांत आईची ओवी वाजवली. माझा नुसता जळफळाट झाला.

"तार बेसूर हाय रं," मी म्हणालो.

"व्हय? तू शिकलेला, तुला कळतंय," म्हणत त्यानं ती परत ताणली. पुन्हा कधी सैल केली नाही.

आता मी प्रत्येक गाणं त्याच सैल तारेवर बसवतो. कुठं शिकलात, असं लोक विचारतात. मी क्लासचं नाव सांगतो.